मूल घेण्याचे रस्ते आणि एक वजनकाटा

एकोणीसशे त्र्याहत्तर सालची गोष्ट. ते साल लोकांना कशाकशावरून आठवतं. मला ते आमच्या घरी मूल आलं नाही त्यावरून आठवतं. तसं ते आधीच्या सालांतही आलं नव्हतं, पण ती सालं नशिबाच्या आणि डॉक्टरांच्या माथी मारता येत होती. त्र्याहत्तरचं न येणं मात्र आमच्याच यजमानांच्या हातून घडलं, आणि तेही सरकारी लाखेचं सील लावून.

आमचे हे वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. दुकानदाराने तागडीच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा ह्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. घरात समोर दूध उतू जाताना मात्र दिसायचं नाही. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दोघांच्या पगारात दोन खोल्या, एक गॅलरी आणि भरपूर शांतता एवढं आम्हाला परवडत होतं. त्या शांततेचा कंटाळा येऊन आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. माझी समजूत अशी की कुठेतरी जायचं, हात जोडून सांगायचं, आणि मूल घेऊन घरी यायचं. नद्या कुठून निघून कुठे मिळतात ते मी इतकी वर्षं फळ्यावर काढत होते, पण मूल कुठून निघून आपल्या घरी कसं पोचतं याचा नकाशा मला कुणी शिकवला नव्हता.

ती उणीव शेजाऱ्यांनी चटकन भरून काढली.

पहिल्या आल्या समोरच्या काकू. ह्या काकूंना आमच्या घरातली गोष्ट आमच्या आधी कळायची. दार लावून घेत त्या म्हणाल्या, "अगं, संस्थेत वगैरे जाऊ नकोस. गावभर होतं. तू आजपासून जरा सैल कपडे घाल. मग एक लहान उशी घे. मग जरा मोठी उशी. मग माहेरी जा."

"माहेरी कुणी नाही हो काकू आता."

"मग कुठेही जा. पण उशी घेऊन जा, आणि येताना मूल घेऊन ये. कोण विचारतंय?"

कोण विचारणार हे मला चांगलं माहीत होतं. पहिल्यांदा काकूच विचारणार होत्या.

उशीचं झालं, पण तिच्या जागी मूल कुठून यायचं? त्याची सोय तळमजल्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितली. औषधाच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता तो ह्यांना म्हणाला, "साहेब, माझ्या ओळखीचं एक प्रसूतिगृह आहे. एखाद्या बाईला नको असतं, एखाद्या बाईला हवं असतं. दाखल्यावर सरळ तुमचं नाव घालायचं. कोर्ट नाही, कचेरी नाही."

"म्हणजे खोटं नाव लावायचं?" हे म्हणाले.

"खोटं कशाला साहेब? तुमचं खरंच नाव लावायचं!"

ह्यांनी त्याच्या हातातली बाटली घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "तुझी ही पट्टी तिरकी बसली आहे. वरचा डोस मोठा, खालचा लहान." हा रस्ता तिथेच बंद झाला. शिवाय त्या दिवसापासून आमच्या घरची औषधं कंपाउंडर सगळ्यांच्या शेवटी देऊ लागला.

दुसरा रस्ता घरातूनच जात होता. धाकट्या दिरांना तीन मुलगे. बातमी पोचली तशी दीर आणि जाऊ दोघं रविवारी हजर. जाऊने खोल्यांकडे अशी नजर फिरवली की जणू पडद्यांचं माप घेत होती.

"वहिनी," दीर म्हणाले, "बाहेरचं मूल कशाला? आमचा धाकटा घ्या. रक्ताचं ते रक्ताचं."

खरं सांगते, तो पोरगा मला आवडायचा. मी म्हटलं, "खरंच द्याल?"

"द्यायचं काय त्यात?" जाऊ म्हणाली. "फक्त तो राहील आमच्याकडे. लहान आहे ना, माझ्याशिवाय जेवत नाही. आणि आई मलाच म्हणेल, सवय आहे त्याला. तुम्ही कागदावर."

"मग आमच्याकडे काय?"

"अहो वहिनी, सगळं तुमचंच की! शाळा तुमच्याकडे, कपडे तुमच्याकडे. आणि पुढे ही जागा त्याच्या नावावर झाली की तो तुमचाच."

हे म्हणाले, "म्हणजे माल तुमच्या दुकानात, पावती आमच्या नावाची." दीर उठून चपला घालू लागले. जाऊने मात्र चहा संपवला. तिचा स्वभाव तसा काही टाकून देणारा नव्हता.

शेवटी राहिली संस्था. शहराच्या जुन्या भागात एक लांबट दुमजली इमारत, पुढे वाळत घातलेल्या लंगोटांच्या रांगाच रांगा. तिथल्या व्यवस्थापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. चष्मा त्या डोळ्यांवर कमी आणि हातात जास्त वापरायच्या. त्यांनी चष्म्यानेच टेबलावर तीन ठिकाणी टकटक केली.

"नीट समजून घ्या. एक, दत्तक. मूल कायमचं तुमचं, कोर्टाच्या हुकमाने, तुमचं नाव, तुमचा वारसा. परत घेता येत नाही आणि परत देताही येत नाही. दोन, सांभाळ. मुलाचं कुणीतरी आहे, पण आजारी आहे, तुरुंगात आहे, पत्त्यावर नाही. तोवर मूल तुम्ही सांभाळायचं आणि मागितलं की द्यायचं. तीन, मूल इथेच राहील, तुम्ही दर महिन्याला मदत पाठवायची. वर्षातून एकदा फोटो मिळेल."

"आम्हाला पहिलं," मी म्हटलं.

"सगळ्यांना पहिलंच हवं असतं," त्या म्हणाल्या. "तान्हं मूल हवं असेल तर नवराबायकोच्या वयाची बेरीज नव्वदीच्या आत लागते. बेरीज कोर्टात उभं राहायच्या दिवशीची धरतात, अर्जाच्या दिवशीची नाही."

आमची बेरीज तेव्हा अगदी काठावर होती. ह्यांचा पुढचा वाढदिवस उजाडला की आम्ही बाहेर. तो वाढदिवस यायला अजून बरेच महिने होते, म्हणून मी निर्धास्त होते. सरकारी माणसाच्या बायकोने महिन्यांवर असा भरवसा ठेवायला नको होता.

मग संस्थेकडून घर पाहायला एक तरुण बाई आल्या. त्यांनी संडासाच्या कडीपासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत सगळं पाहिलं. सगळं छान चाललं होतं, इतक्यात जाऊ आली. बरोबर धाकटा, तेल लावून भांग पाडलेला. कुणी सांगितलं तिला, ते मी काकूंना कधी विचारलं नाही.

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

"मी इथे राहायला येणार आहे," पोरगा म्हणाला. "गॅलरी माझी."

झालं. घरातलंच मूल दत्तक घ्यायचं ठरलं असताना दुसरं कसं मागता, असा शेरा पडला. आता दिरांनी लिहून द्यायला हवं, की आम्ही आमचा मुलगा भावाला देत नाही. दीर वैतागून लाल झाले. "मी देत होतो तेव्हा तुम्हाला नको होता. आता देत नाही म्हणून लिहून द्या? माझा काही मान आहे की नाही?" त्या मानाची समजूत घालण्यात काही आठवडे गेले. शेवटी जाऊनेच सही करवली. पण सही करताना म्हणाली, "वहिनी, तुम्ही स्वतःहून नको म्हणालात, हे लक्षात ठेवा." मी ठेवलं आहे.

आणि मग एक दिवस संस्थेतून निरोप आला. एक मुलगी आहे, येऊन बघा.

तिथल्या आयांनी तिचं नाव हेडबाई ठेवलं होतं. सहासात महिन्यांची असेल. कपाळाला आठ्या घालून ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशी बघायची की माणूस आपोआप सरळ उभा राहायचा. मी वर्गातल्या चाळीस मुलींवर इतकी वर्षं डोळे वटारले होते. माझ्यावर डोळे वटारणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं. आयाने तिला माझ्या मांडीवर ठेवलं. तिने माझ्या ब्लाउजचं बटण धरलं, ओढून पाहिलं, आणि पक्कं शिवलेलं आहे अशी खात्री पटल्यावरच आठ्या काढल्या.

"अहो, बघा तरी," मी म्हटलं.

ह्यांनी तिच्यापुढे एक बोट धरलं. ते तिने धरलं आणि सोडेचना. इतक्या वर्षांत ह्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. ऑफिसात तर कुणीच पाहिला नसेल. मला वाटलं, आता बटण ओढणारी ही मुलगी घेऊन मी घरी जाणार. वाटेत हिला झबली घ्यायची, काकूंना बोलवायचं नाही, पण त्या येतीलच.

मोठ्या बाईंनाही बरं वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर आज आलेच आहेत. वजन करून तब्येतीचा दाखला आजच करून टाकू. तो कोर्टात लागतो."

आयाने मुलीला उचललं आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर ठेवलं. पांढऱ्या रंगाचा, वर पत्र्याची परात असलेला तान्ह्या मुलांचा काटा. हेही कौतुकाने पाठोपाठ गेले. मी बघत होते. हे वाकले. मला वाटलं, मुलीकडे बघायला वाकले. ते काट्याच्या बुडाकडे बघायला वाकले होते.

"याच्यावर ह्या वर्षाचा शिक्का नाही," हे म्हणाले.

"कसला शिक्का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तपासणीचा. मागच्या वर्षीचाही नाही."

"अहो!" मी म्हटलं. आमच्या लग्नात मी 'अहो' हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरला आहे, पण एका 'अहो'त इतकं काही घातलेलं मला आठवत नाही.

"अगं, बिनशिक्क्याच्या काट्यावरचं वजन दाखल्यात कसं लिहिणार? उद्या कोर्टात कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार?" डॉक्टर हसत म्हणाले.

"मीच विचारलं असतं," हे म्हणाले. आणि हे खरंच होतं.

त्यानंतर जे झालं ते बघताना माझ्या हातात पुन्हा मुलगी होती, म्हणून मी ओरडले नाही. ह्यांनी पिशवीतून लाख, सुतळी आणि पितळी मोहोर काढली. ती पिशवी हे लग्नालासुद्धा घेऊन जात, इथे येताना घरी ठेवतील असं मला का वाटलं होतं कोण जाणे. दूध टाकायला आलेला गवळी आणि एक आया यांना साक्षीला उभं करून पंचनामा झाला. काट्याला सुतळी बांधून सील ठोकलं. काटा सरकारजमा. सगळं करताना ह्यांचा आवाज इतका मऊ होता, की जणू हे त्या मुलीवर उपकारच करत होते.

मोठ्या बाईंनी चष्मा घडी करून टेबलावर ठेवला. "वजन नाही तर दाखला नाही," त्या म्हणाल्या, "आणि दाखला नाही तर कोर्ट नाही. या तुम्ही."

तुम्ही म्हणाल, दुसरा काटा आणायचा. मीही तेच म्हटलं. दुसऱ्याच दिवशी मी नवा कोरा काटा विकत घेऊन संस्थेत द्यायला गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "अर्जदाराकडून संस्थेला वस्तू घेता येत नाही. लाच दिसते." मग मी म्हटलं, तात्पुरता वापरा. त्या म्हणाल्या, "संस्थेच्या नोंदीत संस्थेचाच काटा लागतो. आमची समिती बसली तर दुसरा घेता येईल. समिती वर्षातून एकदा बसते. नुकतीच बसून गेली." मग मी म्हटलं, मुलीला आमच्या दवाखान्यात नेऊन वजन करू. "मूल संस्थेबाहेर न्यायला कोर्टाची परवानगी लागते. कोर्टाला दाखला लागतो." त्या हे सगळं शांतपणे सांगत होत्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या बाई आणि आमचे हे एकमेकांसाठीच जन्माला आले होते, मी मध्येच कुठून आले.

संस्थेत नुसतं आमचंच अडलं नव्हतं. त्या काट्यावाचून कुणाच्याच मुलाचा दाखला होईना. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखी आणखी जोडपी बसायची. त्यांतला एक शिंपी आणि त्याची बायको आधी माझ्याशी गप्पा मारायची. कळल्यावर शिंपी बायकोला म्हणाला, "इकडे सरक. ह्या त्या काटावाल्या." मी शाळेत मुलींना वर्गाबाहेर उभं करायचे तेव्हा त्यांना कसं वाटत असेल ते मला त्या बाकावर समजलं.

काटा सोडवायचा एकच मार्ग होता. खात्यात तपासून, शिक्का मारून परत करायचा. ते काम ह्यांच्याच ऑफिसात. पण ह्यांना स्वतःला करता येईना, कारण त्या काट्यात ह्यांचा स्वार्थ होता असं ह्यांनीच वर लिहून कळवलं होतं. म्हणून ते काम दुसऱ्या इन्स्पेक्टरांकडे गेलं. ऑफिसात त्यांना बघूसाहेब म्हणत, कारण ते कशालाही 'बघू' म्हणत. त्यांच्या आधी बढती ह्यांना मिळाली म्हणून त्यांचा राग होता, आणि तो राग बाहेर काढायला त्यांना काहीच करावं लागलं नाही. काही न करणं त्यांना सहज जमायचं.

मी एकदा स्वतः गेले. बघूसाहेब खुर्चीत मागे रेलले.

"वहिनी, तुम्ही कशाला तसदी घेतलीत? बघू ना."

"भाऊ, एक मूल अडलंय हो."

"कळतंय की. पण तुमच्या साहेबांनीच आम्हाला शिकवलंय, नंबराने काम करायचं. काटा गोदामात आहे. त्याच्या आधी सगळ्या बाजारातले काटे आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेबांनी एकदा मला तोंडाने म्हणावं, आज जरा पुढे घ्या. मी लगेच घेतो."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. पाया पडायचं बाकी ठेवलं. हे खिडकीशी बसले होते. तिथूनच म्हणाले, "बाजारातल्या लोकांचाही धंदा अडलाय गं. त्यांच्या पुढे घ्या म्हणून मी कसं सांगू?"

"तिने तुमचं बोट धरलं होतं," मी म्हटलं.

हे दुष्ट होते असं नाही. दुष्ट असते तर मला भांडायला सोपं गेलं असतं. त्या आठवड्यात हे जेवले नाहीत नीट, दाढी करताना दोनदा कापून घेतलं, पण बघूसाहेबांना ते एक वाक्य म्हणाले नाहीत. काकू भिंतीपलीकडून ऐकत असाव्यात. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि नेहमीसारखा सल्ला न देता नुसत्या बसल्या. मला तेच जास्त लागलं.

काट्याचा नंबर आला तोवर थंडी संपत आली होती. आणि निकाल काय? काटा अगदी बरोबर होता. केसाचाही फरक नव्हता. बघूसाहेबांनी मानक वजनं ठेवून पुन्हा पुन्हा पाहिलं, कारण चूक सापडली असती तर त्यांनाही बरं वाटलं असतं. नुसता शिक्का राहिला होता. तो मारायला एक क्षण लागला.

आम्ही संस्थेत गेलो. ह्यांचा वाढदिवस आदल्याच आठवड्यात होऊन गेला होता. घरात आम्ही तो पाळला नव्हता. एखादी वाईट बातमी पाळावी तसा टाळला होता.

मोठ्या बाईंनी काटा पाहिला, शिक्का पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं. त्या थकलेल्या दिसत होत्या. हेडबाई आता धरून उभी राहायला लागली होती. आयाने तिला आणलं. तिने मला ओळखलं की माझ्या बटणाला, ते मी सांगू शकत नाही, पण तिने हात पुढे केला आणि मी तिला कडेवर घेतलं.

मोठ्या बाई कागद खाली वर करत म्हणाल्या, "कोर्टाच्या कागदावर वय घालायचं आहे. अर्जात जे आहे तेच घालते. ठीक आहे ना?" आणि त्यांनी चष्मा काढून मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

तो चष्मा काढणं म्हणजे काय होतं ते मला कळलं. आयाला कळलं. कोपऱ्यात लिहीत बसलेल्या कारकुनाला कळलं, त्याने टाक दौतीत बुडवून ठेवला. मी ह्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढे बरेच दिवस तिथे काळानिळा डाग होता.

"नाही," हे म्हणाले. "मागच्या आठवड्यात बदललं."

खिडकीबाहेर बघत असलेल्या मोठ्या बाईंनी मान वळवली नाही. कारकुनाने टाक पुसला. आयाने मुलीला माझ्या कडेवरून काढून घेतलं. तिच्या मुठीत माझं बटण होतं. ते तुटून तिच्याबरोबर गेलं. कुणी परत मागितलं नाही.

रस्त्यावर मी ह्यांच्यापुढे चालत होते. हे मागून म्हणाले, "खोटं बोलून आणलेली मुलगी..." आणि तिथेच थांबले. ते वाक्य ह्यांनी कधी पुरं केलं नाही, आणि मी कधी पुरं करू दिलं नाही.

पुढे कोणाचं काय झालं ते सांगायला हवं. समोरच्या काकू पुष्कळ वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत उशीच बरी होती असं म्हणत राहिल्या. कंपाउंडरला त्या प्रसूतिगृहाच्या प्रकरणात पोलिसांनी बोलावलं. सुटला, पण औषधं द्यायचं सोडून किराणा दुकान टाकलं. ह्यांनी त्याचा काटा एकदाही तपासला नाही, ते काम बघूसाहेबांकडे दिलं. बघूसाहेब सेवेत असतानाच गेले. त्यांच्या टेबलावरचे कागद आवरायला हेच बसले. दिरांचा धाकटा शिकून परदेशी गेला. आता दिरांकडे आणि जाऊकडेही तो नुसता कागदावरच आहे. जाऊ मला फोन करते तेव्हा आम्ही दोघी त्या विषयावर बोलत नाही. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी वयाच्या बेरजेचा नियम सैल केला.

हेडबाई त्या शिंप्याकडे गेली. त्यांची बेरीज आत बसत होती. मी एकदा त्यांच्या दुकानावरून गेले. ती कापडाच्या ढिगावर बसून गिऱ्हाइकांकडे आठ्या घालून बघत होती. शिंप्याने मला ओळखलं आणि हातातलं काम करत राहिला. पुन्हा मी तो रस्ता घेतला नाही.

आम्ही मोठ्या बाईंचा दुसरा रस्ता घेतला. सांभाळाला बेरीज लागत नव्हती. ह्यांच्या निवृत्तीनंतर, हे जाईपर्यंत, आमच्या दोन खोल्यांत मुलं येत आणि जात राहिली. कुणाची आई दवाखान्यात असायची, कुणाचा बाप सापडत नसायचा. संस्थेचा नियम होता, मुलांना आई म्हणू द्यायचं नाही, मावशी म्हणायला शिकवायचं. म्हणजे जाताना तुटत नाही. हे तो नियम काटेकोर पाळत. कुणी चुकलं की पेपरमागून आवाज यायचा, "मावशी म्हण."

शेवटच्या वर्षी एक मुलगा आला होता, चार वर्षांचा. खेळता खेळता मला म्हणाला, "आई, पाणी दे." ह्यांनी पेपर खाली केला. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर घेतला. मी पाणी दिलं.

थोड्याच दिवसांत त्याचे मामा त्याला न्यायला आले. मामांनी सांगितलं, "मावशीला नमस्कार कर." तो वाकला आणि म्हणाला, "येतो मावशी."

बरोबरच म्हणाला.